चिखलाखालची दुरपता

या, बाजेवर चढा सगळे. निखू, पाय वर घे, असे खाली लोंबते ठेवू नकोस. आणि छकुली, भीती वाटली तर माझा पदर धर, पण मधेच भोकाड पसरायचं नाही, आधीच सांगून ठेवते. भीतीची गोष्ट पाहिजे म्हणून संध्याकाळपासून तुम्हीच माझं डोकं खाल्लं आहे.

राजाची? नाही रे बाबा. आज राजा नाही अन् राणीही नाही. आज नुसतं तळं आहे.

तर असं एक तळं होतं, डोंगराच्या पायथ्याशी. तीन बाजूंनी जंगल आणि चौथ्या बाजूला मातीची उंच पाळ. पाळ म्हणजे बांध गं, पाणी अडवायला घातलेला. पाळीखाली थोडी घरं होती, सगळी मासे धरणाऱ्या ढिवरांची. त्यातल्या अगदी शेवटच्या घरात कौतिका राहायची आणि तिची लेक दुरपता. नवरा तापानं गेला होता. मग काय, दोघीच मायलेकी.

दुरपता होती आपल्या छकुलीएवढी. माय म्हणायची, पोट्टी फार आळशी आहे. मला विचाराल तर ती पोर होती आणि पोरासारखी वागायची. पण माय दिवसभर उन्हातान्हात राबून येणार, तिचंही डोकं ठिकाणावर राहत नसेल. मी कोणाची बाजू घेत नाही. झालं ते सांगते.

एकदा काय झालं, उन्हाळा संपत आला होता. दुसऱ्या दिवशी मृग लागणार होता. कौतिका बाजारात मासे विकून घरी आली, तर चूल थंड, घागर रिकामी, आणि दुरपता उंबऱ्यावर बसून तळ्याकडे बघते आहे.

"दुरपे, पाणी आण वं," माय म्हणाली.

दुरपता हलली नाही.

"अवं, ऐकू येते का? चूल तरी पेटव!"

दुरपता "हो" म्हणाली, पण उठली नाही. मग मायनं तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा पोरीनं नुसतं तोंड वाकडं केलं. झालं! कौतिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ओरडली, "बस, बस तिथंच! कासव हो एकदाची आणि जाऊन पड चिखलात!"

आता मला सांगा, वेळ कोणती होती? तिन्हीसांजेची. तिन्हीसांजेला वाईटसाईट का बोलायचं नाही? बरोबर. तेव्हा तथास्तु फिरतो.

तुमच्या आईबापांना वाटतं, हे आपलं असंच म्हणायचं असतं. पण त्या गावात तो खरोखर फिरायचा, बरं का. पाळीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जायचा. उंच, काटकुळा. त्याला पाय होते, पण चालल्याचा आवाज नव्हता. डोळे नव्हते. तोंड होतं, आणि त्या तोंडात एकच शब्द होता. चांगलं बोला, वाईट बोला, तो तेवढा एकच शब्द बोलायचा आणि पुढे जायचा.

कौतिका ओरडली आणि तळ्यावरचे बेडूक एकदम गप्प झाले. गोठ्यातली शेळी गप्प झाली. कौतिकानं वर पाहिलं, तर पाळीवर तो उभा. चालता चालता थांबला होता. कौतिकाला म्हणायचं होतं, नाही, नाही, मी तसं म्हटलं नाही! पण तिची जीभ टाळ्याला चिकटली.

तो म्हणाला, "तथास्तु."

दुरपतानं मान वळवून मायकडे पाहिलं. 'माय' म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. मग तिचे हात आखूड होत गेले. मग बोटं एकमेकांना चिकटली आणि त्यांना नखं फुटली, एकेका हाताला तीन तीन. पाठ रुंद झाली, गोल झाली. परकर-पोलकं उंबऱ्यावर रिकामं पडलं आणि त्यातून एक छोटंसं कासव बाहेर आलं. तळहातावर मावेल एवढं. हिरवट पाठ, तिच्यावर पिवळे ठिपके, आणि पुढे नळीसारखं निघालेलं इवलंसं नाक.

कौतिका किंचाळली तरी कोणी आलं नाही. बाजाराचा दिवस, घरं रिकामी होती. तिनं ते कासव पदरात घेतलं आणि धावत सुटली ती थेट भिवरा म्हातारीकडे. भिवरा म्हणजे गावातली सगळ्यात जुनी बाई. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण गावातलं प्रत्येक पोर तिच्या हातावर जन्मलेलं. तिनं कासवाच्या पाठीवरून हात फिरवला आणि पोर ओळखली.

"तुझ्याच जिभेनं झालं ना हे?" तिनं विचारलं.

"हो, माझ्याच. आता काय करू वं, भिवराबाई? मी आत्ता पाळीवर जाते. त्याचे पाय धरते."

"जाऊन उपयोग नाही. एका जिभेचं तो वर्षातून एकदाच ऐकते. पुढच्या मृगाच्या आदल्या सांजेला येईल, तेव्हा पाळीजवळ लेकीला घेऊन राहा आणि बोल. पण ध्यानात ठेव, तो आला की पहिलं जे तोंडातून निघेल तेच होईल. आणि तोवर हिला जिवंत ठेवणं तुझ्या हाती आहे."

काय गं छकुली? दुसऱ्या कोणी बोललं असतं तर? नाही चालत. ज्या जिभेनं बांधलं त्याच जिभेनं सोडवायचं असतं. मधे मधे विचारू नका, मी विसरेन.

मग कौतिकानं काय केलं? तांब्याचं घंगाळ घासून लख्ख केलं. विहिरीचं स्वच्छ पाणी भरलं आणि लेकीला त्यात ठेवलं. भात दिला. गूळ दिला. शेजारणीकडून मागून दूध आणलं. रात्री घंगाळ उशाशी घेऊन झोपायची. लोक विचारायचे, दुरपता कुठे गेली? ती खरं सांगायची, पण कोण विश्वास ठेवणार? कोणी म्हणालं, पोर तळ्यात बुडाली. कोणी म्हणालं, वाघानं नेली आणि मायच्या डोक्यावर परिणाम झाला. बिचारी, म्हणायचे आणि जायचे.

पण कासव काही खाईना. त्याची पाठ मऊ पडायला लागली. मग त्यावर पांढरी बुरशी आली. मग एक डोळा चिकटून बंद झाला. पाऊस सुरू झाला होता, तळं भरत होतं, आणि ते आपलं तांब्याच्या भिंतीला नखं घासत बसायचं. खर्र, खर्र, खर्र. कौतिका कानात बोटं घालायची.

भिवरा म्हातारी काठी टेकत आली आणि घंगाळात हात घालून म्हणाली, "मारून टाकतेस की काय पोरीला?"

"मी? मी तर तिला डोळ्यांत तेल घालून जपते."

"तू तुझ्या लेकीला जपते आहेस, पण हे अंग कासवाचं आहे. त्याला चिखल लागते. पाठ सुकवायला ऊन लागते. गोगलगाई लागतात, बेडकाची पिलं लागतात. तळ्यात सोड."

"चिखलात पड म्हणून मीच बोलली आणि आता मीच नेऊन टाकू?" कौतिका रडायला लागली. "आणि तळ्यात अशी किती कासवं आहेत! मग माझी कोणती ते ओळखू कशी?"

बाहेर बकाराम उभा होता. तोही मासे धरणारा, शेजारीच राहायचा. तो सहज म्हणाला, "त्याला काय होते, वयनी? पाठीच्या काठाला भोक पाड आणि दोरी ओव. आम्ही बाजारात नेतो ती कासवं अशीच बांधतो."

कौतिकानं दाभण घेतलं. कासव उपडं मांडीवर धरलं. दाभणाचं टोक काठावर टेकवलं, तेवढ्यात त्या कासवानं आपला उघडा डोळा तिच्याकडे केला. तिनं दाभण फेकून दिलं. संध्याकाळ व्हायच्या आत ती तळ्यावर गेली आणि दोन्ही हातांनी लेकीला पाण्यात सोडलं. कासव बुडालं. पाण्यावर वर्तुळ उठलं आणि मोडलं. तिच्या लेकीच्या अंगावर काही खूण नव्हती, आणि ती आता कोणती ते कोणालाच सांगता येणार नव्हतं.

मग दुसरी भीती सुरू झाली, पहिलीपेक्षा मोठी. कौतिकाचं पोट कशावर? जाळ्यावर. संध्याकाळी जाळं पाण्यात आडवं लावायचं, रात्रभर ठेवायचं आणि पहाटे ओढायचं. अशीच त्या गावाची रीत होती. तिनं जाळं खांद्यावर घेतलं आणि पाण्यात पाय घातला, आणि तशीच थांबली. त्या जाळ्यात कासव अडकलं तर?

निखू म्हणतो, अडकलं तर काय, ते पाण्यातच राहतं. शहाणाच आहेस! पाण्यात राहिलं म्हणून काय झालं, श्वास आपल्यासारखाच हवेतून घेतं ते. ते नळीसारखं नाक उगीच नाही दिलं देवानं. हळूच पाण्यावर काढतं, श्वास घेतं आणि परत खाली जातं. पाण्याखाली पाय गुंतला आणि वर येता आलं नाही, तर कासवसुद्धा बुडून मरतं.

कौतिकानं लावायचं जाळं गुंडाळून आढ्याला टांगलं ते कायमचं. नुसतं फेकायचं जाळं घेतलं. फेकायचं, लगेच ओढायचं. त्यात मासळी किती लागणार? अर्धपोटी राहायला लागली. बाकीच्यांच्या दारोदार गेली. "रातच्याला जाळी नका लावू रे, माझी लेक आहे तळ्यात," म्हणायची. ते मान हलवायचे. बरं वयनी, म्हणायचे. आणि अंधार पडला की जाळी लावायचे.

मग एका सकाळी बकारामच्या जाळ्यात एक कासव मेलेलं निघालं.

एवढंच होतं. असेच पिवळे ठिपके, असंच नाक. मान लांब लोंबत होती. बकारामनं ते काठावर ठेवलं आणि कौतिकाला हाक मारली. कौतिकानं ते मांडीवर घेतलं. तिनं नखं पाहिली, तीन. डोळे पाहिले, दोन्ही बंद. तिनं विचारलं, "दुरपे, तू आहेस का गं ही?" मेलेलं कासव काय सांगणार? तिनं ते पाळीच्या मातीत पुरलं आणि तिला कळेना, रडावं की नाही. लेकीला पुरलं असेल तर जगून करायचं काय? आणि लेक नसेल, आणि आपण आशा सोडून बसलो, तर मृगाच्या आदल्या सांजेला त्या पोरीला बोलवायला कोण येणार?

म्हणून तिनं आशा सोडली नाही. पण सगळा हिवाळा तिचा जीव टांगणीला होता, बरं का. तळ्यात एक वाळलेलं खोड पडलं होतं. सकाळच्या उन्हात कासवं त्यावर ओळीनं येऊन बसायची, पाठ शेकत. ती दुरून बघायची. जवळ जायला एक पाऊल टाकलं की डुबुक, डुबुक, डुबुक, सगळी पाण्यात. काही मोठ्या कासविणी काठावर येऊन मागच्या पायांनी खळगा करायच्या, गोल गोल अंडी घालायच्या आणि माती ओढून निघून जायच्या. मागाहून मुंगूस यायचं आणि उकरून खायचं. त्याला हाकलायला कौतिका दगड घेऊन बसायची. अंडी कोणाची का असेनात, ती म्हणायची, कोणीतरी मागे ठेवून गेलंय ना.

मग उन्हाळा आला. आणि असा उन्हाळा त्या गावानं पाहिला नव्हता.

तळं आटत आटत खोडापर्यंत आलं. मग खोड उघडं पडलं. मग मधे नुसतं डबकं राहिलं, आणि मग तेही गेलं. सगळ्या तळ्याला भेगा पडल्या, पाऊल आत जाईल एवढ्या. मग कासवं गेली कुठे? खाली. पाणी संपायला लागलं की ही कासवं चिखलात शिरतात, खोल जातात आणि निजतात. खात नाहीत, पीत नाहीत, श्वाससुद्धा अगदी कधीतरी घेतात. वरून चिखल वाळतो. पाऊस येऊन अंग भिजेपर्यंत ती उठत नाहीत.

आणि कौतिकाला तिचे शब्द आठवले. जाऊन पड चिखलात, म्हणाली होती ना? पडली होती.

आता तिसरी भीती. सांगू? पदर धरा मग.

तळं आटलं, मासे संपले, जंगलात मोहाची फुलं संपली. गावात चुली थंड पडल्या. मग बकारामनं घरातून सळई काढली. लांब, लोखंडाची, टोकाला धार. त्या गावचे लोक उपाशी वर्षात असंच करायचे. ओळीनं तळ्यात उतरायचे आणि पावलापावलाला सळई चिखलात खुपसायची. खच्च. खच्च. खच्च. नुसता चिखल असला तर सळई सरळ आत जाते. आणि खाली कासव असलं की टक्क होतं. मग जोर लावायचा. खालच्याला पळता येत नाही, ते झोपलेलं असतं.

ओरडू नकोस छकुली, मी आहे ना.

आणि बकारामची सळई कधी चुकत नसे. कडेकडेनं सुरुवात केली त्यांनी. रोज थोडं थोडं आत. रोज टक्क ऐकू आलं की कौतिकाच्या काळजाचं पाणी व्हायचं. ती धावत जायची, काढलेलं कासव बघायची. मोठं असलं तर सुटकेचा श्वास टाकायची आणि मग त्या कासवासाठीही रडायची. तिनं बकारामचे पाय धरले.

"उठ वयनी, असं करू नको," बकाराम म्हणाला. त्याचेही गाल आत गेले होते. "माझी पोट्टी पाला शिजवून खातात. तूच सांग, मी त्यांना काय देऊ?"

कौतिकानं त्याचे पाय सोडले.

मृगाच्या आदला दिवस उजाडला. आभाळ कोरडं ठण्ण. तळ्याच्या मधोमध थोडीशी जागा ओलसर राहिली होती, आणि जी कासवं उरली होती ती सगळी तिथे. पुरुष म्हणाले, ऊन उतरलं की संध्याकाळी तिथे जाऊ. आणि संध्याकाळीच तो येणार होता.

कौतिका विचार करून करून थकली. लेकीला आधी शोधायचं तर सळईशिवाय कसं शोधणार? आणि सळई ती हातात धरणार नव्हती, मेली तरी. मग तिला वाटलं, यांना उठवतं कोण? पाणी. मग पाणीच नेऊ.

पण पाणी होतं कुठे! विहिरीला दिवसाकाठी एका घराला एक घागर मिळत होती. कौतिकानं आपली घागर उचलली, तळ्याच्या मधोमध गेली आणि प्यायचं पाणी भेगांत ओतलं. चिखलानं ते गटागटा पिऊन टाकलं. काही झालं नाही. मग भिवरा म्हातारी म्हणाली, माझी घागर ने, माझं किती राहिलं आहे आता. तीही ओतली. चिखल काळा झाला, मऊ झाला. काहीच हललं नाही. ऊन उतरायला लागलं. तिसरी घागर कोणी दिली माहीत आहे? बकारामच्या बायकोनं.  दारातून बाहेर आली, भरलेली घागर कौतिकाच्या कडेवर ठेवली आणि आत गेली. तिची पोरं आतमध्ये रडत होती.

कौतिका तिसरी घागर घेऊन निघाली, तोवर पुरुष सळया घेऊन पाळीवरून उतरत होते. ती धावली. पाणी हिंदकळत होतं, आणि सांडलेला एकेक थेंब तिला दिसत होता. मधोमध पोचून तिनं घागर उपडी केली.

आधी एक बुडबुडा आला. मग चिखल फुगला. मग एक नाक वर आलं. मग तिकडे दुसरं, मग पायाजवळ तिसरं. मग सगळीकडून चिखल हलायला लागला आणि कासवंच कासवं बाहेर आली, चिखलानं लडबडलेली, माना लांब करून त्या डबक्याकडे. लहान, मोठी, सगळी पिवळ्या ठिपक्यांची. कौतिकाला आनंद झाला, आणि लगेच तिला कळलं की आपण काय करून बसलो.

पुरुषांनीही पाहिलं होतं.

"अरे, वर आली! सगळी वर आली!" कोणीतरी ओरडलं आणि सळया घेऊन सगळे धावत सुटले. आता त्यांना शोधावंसुद्धा लागणार नव्हतं. कौतिकानं सगळी कासवं त्यांच्यापुढे आणून मांडली होती.

ती वेड्यासारखी फिरली. ही का? ती का? सगळी सारखीच! मग तिनं पोटातून हाक मारली, "दुरपे!"

कासवं पाणी पीत राहिली. त्यांना काय त्या नावाचं? पण एका लहान कासवानं झटकन मान आत ओढली. पाय आत घेतले. या कासवांच्या पोटाला मागच्या बाजूनं दोन झडपा असतात, त्याही घट्ट मिटून घेतल्या आणि ते चिखलात दगडासारखं गप्प झालं.

कौतिकाला आधी कळलंच नाही. मग कळलं. बाकीच्या कासवांना कौतिकाच्या आवाजाचं काही नव्हतं. या एकाच कासवाला तिच्या आवाजाची भीती होती. ही आपली लेक. आपण आता ओरडणार, असं तिला वाटलं, म्हणून ती लपली.

कौतिकाच्या काळजाला असे घरे पडले, काय सांगू तुम्हाला. ती गुडघ्यांवर कोसळली आणि त्या कासवावर आपलं सगळं अंग पांघरलं. तेवढ्यात बकाराम येऊन पोचला. भुकेनं त्याला काही सुचत नव्हतं. त्यानं सळई वर उचलली. "सरक वयनी. सरक, नाहीतर लागेल तुला."

आणि तेव्हाच सगळं गप्प झालं. कावळे गप्प. वारा गप्प. कौतिकानं मान न उचलताच ओळखलं. पाळीवर तो उभा होता, आणि ऐकत होता.

वर्षभर तिनं शब्द पाठ केले होते. झोपेतसुद्धा पुटपुटायची. ते सगळे डोक्यातून पुसून गेले. डोळ्यांपुढे नुसतं सळईचं टोक. आणि तोंडात काय आलं? तुम्हा-आम्हाला येतं तेच. 'मर मेल्या!' अगदी ओठांवर आलं. बोलली असती तर बकाराम तिथेच मरून पडला असता, आणि दुरपता कायमची कासव राहिली असती. कौतिकानं आपली जीभ दातांखाली धरली आणि चावली. रक्त आलं. तरी सोडली नाही. तो शब्द परत गिळून पोटात जाईपर्यंत तिनं जीभ सोडली नाही.

मग ती खाली वाकली, त्या मिटलेल्या कासवाजवळ तोंड नेलं आणि हळूच म्हणाली, "ऊठ माझे लेकी, घरी चल. दोघी मिळून जेवू."

हो रे निखू, एवढंच. दुसरं काही नाही. 'माणूस हो' म्हणाली नाही. पण लेक म्हणाली ना ती? कासव नाही म्हणाली.

पाळीवरून आवाज आला, "तथास्तु."

कौतिकाच्या पोटाखाली काहीतरी हललं. आधी थंडगार बोटं लागली, पाच. मग कोपर लागलं. मग ओले केस. मग कोणीतरी जोरात श्वास घेतला, खूप दिवस पाण्याखाली राहिल्यावर घ्यावा तसा, आणि खोकायला लागलं. बकारामच्या हातातली सळई गळून चिखलात पडली. तो दोन पावलं मागे गेला आणि मटकन खाली बसला. त्यानं हात तोंडावर घेतले. ते जाळ्यातलं कासव आठवलं असेल त्याला, आणि ती सगळी टक्क, टक्क. त्या दिवशी कोणीही सळई उचलली नाही. कासवं पाणी पिऊन हळूहळू परत खाली गेली.

कौतिकानं दुरपताला पदरात गुंडाळून घरी आणलं. पण जेवायचं काय? घरात मूठभर तांदूळ होते, आणि पाणी तर सगळं तळ्यात ओतलं होतं. मग बकारामची बायको आली. सकाळची थोडी पाल्याची आंबील राखून ठेवली होती तिनं. बकारामची पोरं आणि दुरपता एका ताटाभोवती बसली आणि एकेक घोट प्याली. कोणाचं पोट भरलं नाही, पण जेवण झालं. दुसऱ्या दिवशी नाही, पण त्याच आठवड्यात पाऊस आला आणि गावाच्या चुली पेटल्या.

झालं सगळं छान? नाही, लगेच नाही झालं. मी खोटं सांगणार नाही. दुरपता घरी आली, हसायला लागली, खेळायला लागली. पण माय जरा मोठ्यानं बोलली, भांडं पडलं म्हणून, शेळी सुटली म्हणून, की त्या पोरीची मान झटकन खांद्यांत जायची आणि डोळे मिटायचे. कौतिकाच्या हातातलं काम तिथेच थांबायचं. ती जवळ जायची नाही, हात लावायची नाही. आवाज खाली करून म्हणायची, "मी आहे गं. रागावले नाही." आणि मान बाहेर येईपर्यंत चुलीवरचं करपलं तरी थांबून राहायची. असं पुष्कळ दिवस चाललं. मग एकदा मायच्या हातून अख्खी घागर फुटली, माय "अगं बाई!" म्हणून ओरडली, आणि दुरपता मान वर करून खदखदा हसली. त्या दिवशी कौतिका चुलीपाशी बसून रडली, आनंदानं.

पुढे तळं भरलं, आटलं, परत भरलं. मायलेकी सुखानं राहिल्या, पोटभर जेवल्या. गोष्ट सांगून झाली, आणि जिची होती तिच्या घरी परत गेली.

निखू झोपला वाटतं. छकुली, पदर सोड आता, घट्ट धरून धरून चुरगळलास पार. नको सोडूस, राहू दे. मी कुठे जात नाही. मीट डोळे.